घोरणे, झोप आणि डॉक्टरांची मार्गदर्शिका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल आपल्या वर्धापनदिनाला बाहेरगावच्या पाहुण्या बाई येतात, त्या बोलतात, आपण सतरंजीवर बसून ऐकतो आणि मग हळदीकुंकू होते. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, बोलणारी बाई मंडळातलीच हवी, आणि मला न विचारता माझे नाव पत्रिकेत छापून टाकले. माझे शिक्षण मराठी सातवी. त्यातून विषय दिला तो डॉक्टरी. "तू त्या घोरण्याचा एवढा अभ्यास केलास, तेवढेच सांग," असे त्या म्हणाल्या. अभ्यास हा शब्द फार मोठा झाला. पण गेली दोन वर्षे एका वहीत मी टिपणे केली आहेत. ती वही आज हातात घेऊन उभी आहे. जिथे अडखळेन तिथे सांभाळून घ्या.

आमच्या घरचा व्यवसाय आपल्याला ठाऊक आहेच. यजमान टेम्पो चालवतात. हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची क्रेट भरायची आणि आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करीत पहाटेपर्यंत वाशीला पोचायचे. त्यांचे घोरणे आळीत प्रसिद्ध आहे. पण घोरता घोरता एकदम सामसूम व्हायची, मी मोजत राहायची, दहा, पंधरा, वीस, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका घेऊन श्वास परत सुरू व्हायचा. हे मीच पाहत होते, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःला त्यातले काही कळत नाही. दिवसा बसले की डोळा लागायचा. जेवताना घास हातात धरून डुलकी. मग त्यांच्याबरोबर जाणारा पोरगा एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकी, काका घाटात झोपतात." त्यानंतर मला झोप येणे बंद झाले.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून वाट मोकळी करतो. हे रात्रभर शेकडो वेळा होऊ शकते. म्हणजे माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप अशी मिळतच नाही. आपण घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतो. पण कुंभकर्णाची झोप तरी पुरी होत असेल, यांची होत नाही.

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरी नेऊन बोटाला, छातीला आणि नाकाला लावून झोपायचे छोटे यंत्र दिले. दुसऱ्या दिवशी आकडा आला १२, म्हणजे तासाला १२ वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो. "सौम्य आहे, वजन उतरवा, काळजी नको," असे सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावले. पुढे महिनाभराने पुण्याला एका दवाखान्यात रात्रभर निजवून, डोक्यालासुद्धा तारा लावून तपासणी केली. तिथे आकडा आला २१, आणि डॉक्टर म्हणाले, "मध्यम आहे, यंत्र लावल्याशिवाय गाडी चालवू नका." माणूस तोच, घसा तोच, आणि दोन डॉक्टरांची दोन मते. यजमान साहजिकच पहिल्या डॉक्टरांच्या बाजूचे झाले.

माझा भाचा पुण्याला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला विचारले, "अरे, तुमच्यात काही ठरलेले नाही का? कुणी काहीही सांगायचे का?" तो म्हणाला, "मावशी, ठरलेले असते. त्याला गाईडलाइन म्हणतात, मार्गदर्शिका. पण त्याही एक नाहीत, बऱ्याच आहेत. आणि सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत." मग चार-पाच रविवार तो फोनवर इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेला आणि मी लिहून घेत गेले.

आता हा आकड्याचा गोंधळ आधी सांगते, कारण त्यात डॉक्टरांचा दोष निम्माच आहे. श्वास पूर्ण थांबला तर मोजायला सोपे. पण नुसता मंदावला तर तो केव्हा मोजायचा? अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेचा, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनचा, नियम असा की, श्वास निदान १० सेकंद ३० टक्क्यांनी कमी झाला आणि त्याबरोबर प्राणवायू ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली, तर ती एक वेळ धरावी. त्याच देशात वृद्धांसाठी जी सरकारी विमा योजना आहे, मेडिकेअर, ती मात्र ४ टक्के उतरल्याशिवाय मोजत नाही. एका टक्क्याचा फरक. पण त्याने एकाच माणसाचा आकडा खालीवर होतो. घरच्या यंत्रात आणखी एक गोम आहे. डोक्याला तारा नसल्यामुळे झोप चाळवलेली त्याला कळत नाही आणि माणूस खरोखर किती तास झोपला हेही कळत नाही. समजा, यंत्र आठ तास लावले, झोप सहाच तास लागली आणि श्वास ७२ वेळा अडला. आठाने भागले तर ९ येतात, सहाने भागले तर १२. हा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला तेव्हा मला पटला.

तासाला ५ ते १४ म्हणजे सौम्य, १५ ते २९ मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी वाटणी आहे. पण भाच्याने सांगितलेली खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्याला दिवसा अनावर झोप येते त्याला ५ च्या वर आकडा असला तरी हे दुखणे आहे असेच धरतात. १५ ची अट, लक्षणे काहीच नसतील त्याला. अमेरिकन ॲकॅडमीची उपचारांवरची मार्गदर्शिका २०१९ सालची आहे. तिच्यात दिवसा अती झोप येत असेल तर हवेच्या दाबाचे यंत्र द्यावे अशी ठाम शिफारस आहे. तेव्हा आमच्या यजमानांना १२ आकड्यावरसुद्धा उपचार सांगायला हवा होता. 'सौम्य' हा शब्द आकड्याला लागला होता, घाटात डुलकी घेणाऱ्या माणसाला नव्हे.

इंग्लंडची सरकारी संस्था आहे, तिचे नाव नाइस. तिने ऑगस्ट २०२१ मध्ये आपली मार्गदर्शिका काढली. तिच्यात लिहिले आहे की, ज्याचा धंदाच गाडी चालवण्याचा आहे, ज्याच्या कामात डुलकी लागली तर जीव जाईल, जी बाई गरोदर आहे, ज्याचे मोठे ऑपरेशन व्हायचे आहे, अशांना तपासणीच्या रांगेत पुढे घ्यावे. हे ऐकले तेव्हा मला वाटले, लिहिणाऱ्याने कधीतरी रात्रीचा रस्ता पाहिला असावा. आणि आपल्याकडे काहीच नाही असे समजू नका. २०१४ साली दिल्लीच्या एम्समधल्या आणि देशभरातल्या डॉक्टरांनी मिळून भारताची मार्गदर्शिका केली, तिला 'इनोसा' म्हणतात. तीत स्पष्ट म्हटले आहे की, घोरणे, दिवसा झोप, लठ्ठपणा, रक्तदाब, गाडीचा अपघात यांतले काही असेल त्याची झोपेच्या अंगाने नीट चौकशी करावी. आणि मोटारचालक, रेल्वेचालक, वैमानिक यांना तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरांना या दुखण्याचे शिक्षण असावे. यजमानांचा लायसन्सचा दाखला आजवर दोनदा झाला. दोन्ही वेळा डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला. झोपेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कागद चांगला आहे, पण तो कपाटात आहे.

मग मी भाच्याला विचारले, "कागद चांगला की वाईट हे कोण ठरवते?" तर त्याचेही एक शास्त्र आहे. ॲग्री नावाची एक तपासणीची पद्धत आहे, तिची दुसरी आवृत्ती २०१० साली आली. त्यात २३ प्रश्न, सहा गटांत वाटलेले, प्रत्येकाला १ ते ७ गुण. आणि निदान दोघांनी, शक्यतो चौघांनी वेगवेगळे गुण द्यायचे. आपल्या पाककृतीच्या स्पर्धेत परीक्षक बसतात तसेच. मार्गदर्शिका कुणासाठी व कशासाठी, हे सांगितले आहे का. ती करताना रोग्यांचे म्हणणे विचारले का. पुरावा नीट शोधून पारखला का. भाषा स्पष्ट आहे का. प्रत्यक्ष वापरायला कशी, खर्च किती, अडचणी कोणत्या, हे लिहिले आहे का. आणि शेवटी, लिहिणाऱ्यांना कुणा कंपनीचा पैसा होता का.

२०१० सालीच काही संशोधकांनी सर्व रोगांच्या मिळून ६२६ मार्गदर्शिकांचे या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीने दिलेले गुण एकत्र केले. हेतू सांगण्यात सरासरी ६४ टक्के आणि भाषेत ६० टक्के पडले. पुराव्याच्या काटेकोरपणात ४३. रोग्यांना विचारण्यात ३५. पैशाच्या संबंधाबाबत ३०. आणि प्रत्यक्ष वापरण्याच्या सोयीत किती, तर २२! हे आकडे मी वहीत लाल शाईने लिहिले आहेत. सातवीच्या वर्गात २२ गुण मिळाले असते तर आमच्या मास्तरांनी पुन्हा त्याच बाकावर बसवले असते. हे सगळ्या रोगांचे मिळून आहे, झोपेचे एकट्याचे नव्हे. पण दवाखान्याच्या पायऱ्या चढलेल्या कोणत्याही बाईला ते नवे वाटणार नाही. काय करावे हे लिहिणारे पुष्कळ, पण कसे परवडावे हे लिहिणारा विरळा.

रोग्यांना विचारण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. नाइसच्या समितीत डॉक्टर नसलेली साधी माणसे, रोग्यांच्या बाजूची म्हणून, घेण्याची रीत आहे. ही रीत मला फार आवडली. कारण या दुखण्यात खरा साक्षीदार अंथरुणाशेजारी असतो. माझ्या यजमानांना विचाराल तर ते आजही म्हणतील, "मी कुठे घोरतो?"

आता 'ठाम' आणि 'सौम्य' शिफारशींविषयी. चांगली मार्गदर्शिका नुसते 'करा' म्हणत नाही. किती खात्रीने सांगते तेही लिहिते. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या कॉलेजने २०१३ साली तीनच गोष्टी सांगितल्या. वजन जास्त असेल त्याने ते उतरवावे, शिफारस ठाम, पण पुरावा हलक्या प्रतीचा. पहिला उपचार म्हणून हवेच्या दाबाचे यंत्र, शिफारस ठाम, पुरावा मध्यम. यंत्र नको असेल त्याला खालचा जबडा पुढे धरणारी दाताची पट्टी, शिफारस कमजोर, पुरावा हलका. मला प्रथम हे चमत्कारिक वाटले. पुरावा हलका आणि शिफारस ठाम, हे कसे? भाचा म्हणाला, वजन उतरवण्यात तोटा काही नाही आणि दुसरे फायदे पुष्कळ, म्हणून. हे ज्यांनी लपवले नाही त्यांच्याविषयी माझा आदर वाढला.

आणि जिथे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' म्हणणे ही तर मोठीच गोष्ट. यंत्र लावले की हृदयविकार टळतो, असे विकणारा माणूस आम्हाला छातीठोकपणे सांगत होता. पण २०१६ साली सेव्ह नावाची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, सात देशांत २७१७ माणसांवर केलेली, त्यांत आपला देशही होता. ती माणसे आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेली होती. यंत्राने त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची झोप कमी झाली, घोरणे कमी झाले, मन हलके झाले, हे मात्र झाले. यावर डॉक्टरांत वाद आहे, कारण ती माणसे रात्रीतून सरासरी ३.३ तासच यंत्र लावत होती. अर्धे औषध घेऊन गुण कसा यावा, असे काहींचे म्हणणे. म्हणूनच २०१९ च्या मार्गदर्शिकेने, ज्याला दिवसा झोप येत नाही त्याच्या हृदयासाठी यंत्र द्यावे की नाही, यावर कौल दिलाच नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य मंडळानेही २०२२ साली म्हटले की, काहीच तक्रार नसलेल्या सरसकट सगळ्यांची तपासणी करावी की नाही याला पुरावा अपुरा आहे. अपुरा म्हणजे 'करू नका' नव्हे, हे मला भाच्याने दोनदा बजावले.

भगिनींनो, आता आपल्याविषयी. मुंबईत २००४ साली प्रसिद्ध झालेली एक चांगली पाहणी आहे: ३५ ते ६५ वयाच्या शहरी माणसांत १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोपेचा त्रास होता. मी विचारले, "आणि बायका?" तर त्यात बायका घेतल्याच नव्हत्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९९३ साली दोघांनाही तपासले, ३० ते ६० वयाचे. तासाला ५ च्या वर आकडा २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के बायकांत निघाला. म्हणजे कमी, पण नाही असे नाही. आणि पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढतो. शिवाय बाई नेहमीच मोठ्याने घोरत नाही. तिची झोप रात्रीतून चार वेळा मोडते, सकाळी डोके दुखते, दिवसभर थकवा असतो. आणि घरचे म्हणतात, कामाचा ताण असेल, वय झाले असेल.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचे असेच झाले. टोरांटोच्या डॉक्टर फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली आठ प्रश्नांचा एक सोपा कागद तयार केला, मुळात ऑपरेशनच्या आधी रोगी पारखण्यासाठी. घोरता का, थकता का, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब आहे का, वजन-उंचीचा आकडा ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. जाऊबाई ४८ वर्षांच्या, मान ३७, वजन-उंचीचा आकडा ३१. आपल्या देशातले डॉक्टर २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पण त्या कागदावर ३५ लागतात. घोरणे बेताचे, आणि मुलीजवळ निजतात म्हणून श्वास थांबताना पाहणारे कुणी नाही. थकवा आणि रक्तदाब असे दोनच गुण झाले, म्हणजे 'कमी धोका'. पुरुष नसल्यामुळे एक गुण तर जन्मतःच गेला! पण अमेरिकन ॲकॅडमीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठाम लिहिले आहे की, अशा नुसत्या प्रश्नांच्या कागदावर निदान ठरवू नये, तपासणी करावी. भाच्याने ते वाक्य दाखवून आग्रह धरला. तपासणीत आकडा १८ निघाला. त्या वाक्याने आमच्या घरातली एक बाई वाचली, असे मी म्हणते. भाचा म्हणतो, मावशी, वाढवून सांगू नकोस.

यंत्राचेही दोन शब्दांत सांगते. नाकावर मुखवटा आणि नळीतून हवेचा हलका दाब, त्याने घशाची वाट उघडी राहते. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रोग्यांवर हे करून दाखवले. त्यापूर्वी तीव्र दुखण्यात गळ्याला भोक पाडत असत. आम्हाला ते ३८ हजारांना पडले. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्याचे दुःख नाही. पण घरी आणून टाकले की काम झाले असे नाही. यजमानांनी चौथ्या रात्री ते कोपऱ्यात ठेवले: मुखवटा टोचतो, तोंड कोरडे पडते, वीज गेली की गुदमरते. मार्गदर्शिकेत मात्र ठाम लिहिलेले आहे की, यंत्र सुरू करताना रोग्याला नीट शिकवावे. आम्हाला शिकवले कुणी नाही, पावती तेवढी दिली. पुण्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पुढे मुखवट्याचे माप बदलून दिले आणि पाण्याचे भांडे लावून दिले, तेव्हा कुठे जमले. आता पाच-साडेपाच तास लावतात. इन्व्हर्टर घ्यावा लागला. महिनाभर गाडीवर दुसरा माणूस ठेवला होता, त्याचा पगार गेला. पण मागच्या हंगामात माळशेज त्यांनी जागेपणी उतरला, असे पोरगा सांगतो.

कागदाचे साल पाहायला विसरू नका. इनोसा २०१४ ची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने लठ्ठपणासह हे दुखणे मध्यम किंवा तीव्र असलेल्यांसाठी टिर्झेपेटाइड नावाच्या इंजेक्शनला मान्यता दिली. दहा वर्षांपूर्वीच्या कागदात ते कुठून असणार? त्यामुळे डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: तुम्ही कोणाची, कुठल्या सालची मार्गदर्शिका धरता, आकडा ३ टक्क्यांच्या नियमाने काढला की ४ च्या, आणि ही शिफारस ठाम आहे की कमजोर. पुण्याच्या डॉक्टरांना मी हे विचारले तेव्हा ते आधी माझ्याकडे पाहतच राहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. सगळेच बसतील असे नाही. एकांनी "बाई, तुमचे शिक्षण किती?" असे विचारले. मी सांगितले, सातवी.

त्या आठ प्रश्नांच्या कागदाच्या मराठीत चाळीस प्रती भाच्याने काढून दिल्या आहेत, तिकडे पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवल्या आहेत; मान मोजायची टेपही शिवणवर्गातून आणली आहे. स्वतःचा कागद भरा आणि घरातल्या माणसाचाही भरा, कारण तो स्वतः खरे लिहिणार नाही. गुण कमी आले आणि तरी दिवसा झोप आवरत नसेल, तर जाऊबाईंना भेटा. त्या पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात बसल्या आहेत. चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा आपली सर्वांची रजा घेते.